मुरबाडची दृष्ट

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता नम्रताची कड तासायची मशीन बिघडली आणि दहा वाजून एकतीस मिनिटांनी नम्रताला कारण सापडलं. कारणाचं नाव कुणाली, राहणार मुरबाड. नातं म्हणाल तर धाकटी नणंद.

"तीच गो!" नम्रता मैनाला म्हणाली. "दसऱ्याला सोनं द्यायला आल्ती ना, तवा मशीनवर हात फिरवून बोलली, 'वहिनी, काय लोन्यासारखी चालते गो तुजी मशीन!' आनि वर हा असा श्वास सोडला."

नम्रताने तो श्वास सोडून दाखवला. समोरचे चामड्याचे दोन तुकडे हलले.

शेणवे गावात नम्रताच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. तिथे ती, मैना आणि गंगी अशा तिघी मिळून चामड्याच्या वस्तू शिवत. पाकिटं, पट्टे, कीचेन आणि सध्या चष्म्याची घरं. चामडं दुमडून शिवायचं तर आधी त्याची कड पातळ करावी लागते. ती तशीच जाड दुमडली तर चष्म्याचं घर भाकरीएवढं जाड होतं आणि झाकण बसत नाही. पूर्वी नम्रता हे काम रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, हाताने करायची. दिवसभर वाकून बसलं की दहा नग व्हायचे आणि अकराव्याला मान धरायची. मशीन आल्यापासून पट्टी एका बाजूने आत सारली की आतलं गोल पातं कड तासायचं आणि पट्टी दुसऱ्या बाजूने गुळगुळीत होऊन बाहेर पडायची. त्या सोमवारी मात्र ती उंदराने कुरतडल्यासारखी बाहेर आली. दुसरी तशीच आली. तिसरी आलीच नाही.

आता कोणीही शहाण्या माणसाने म्हटलं असतं की पात्याची धार गेली असेल. दसऱ्याआधी तिघींनी चारशे पट्टे तासले होते आणि धार लावायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पण शेडमध्ये त्या वेळी शहाणं माणूस हजर नव्हतं, आणि नम्रताच्या डोळ्यांपुढे कुणालीशिवाय काही दिसत नव्हतं. कुणालीला सुई धरायला तिनेच शिकवलं होतं. लग्नाआधी चार वर्षं कुणाली याच शेडमध्ये बसून शिकली, मग लग्न करून मुरबाडला गेली आणि दोन वर्षांत तिथे स्वतःची शेड थाटून बसली. भिवंडीच्या ज्या बॅगांच्या कारखान्यात नम्रता लग्नाआधी कामाला होती तो बंद पडला, तेव्हा दोघींनी तिथून एकेक मशीन आणली. रंग एक, कंपनी एक. फरक एवढाच की कुणालीच्या शेडला टाइल्स होत्या, छताला पंखा होता आणि दारावर रात्री पेटणारा बोर्ड होता. नम्रताचा बोर्ड जांभळीच्या झाडाला खिळ्याने ठोकलेला होता. मुरबाडच्या त्या बोर्डाची आठवण झाली की नम्रताच्या पोटात काहीतरी सरकायचं. त्याला ती पित्त म्हणायची.

त्यातून ही ऑर्डर. शहापुरात एका चष्मेवाल्याचं नवं दुकान शनिवारी उघडणार होतं आणि त्याला दीडशे घरं हवी होती. ऑर्डर देताना तो सहज म्हणून गेला होता, "नाही जमलं तर आधी सांगा ताई. मुरबाडला पण एक ताई करतात, त्यांना देईन." हे वाक्य नम्रताने त्या दिवसापासून पोटात जपून ठेवलं होतं. ऑर्डर हातची गेली तर गेली, पण ती कुणालीकडे गेली तर तिला शेणव्यात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

"दृष्टच हाय," गंगीनेही कौल दिला. "आयला बोलव."

नम्रताच्या सासूबाई कमळाबाई परसात वालाच्या शेंगा तोडत होत्या. त्या आल्या. स्वतःच्या लेकीवर आळ आल्याचं ऐकून त्या भडकतील अशी मैनाला भीती होती. पण कमळाबाईंनी नुसती मान हलवली.

"कुनालीची दृष्ट? मंग सोड," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "ती पयल्यापासून तशीच हाय. पाचवीत व्हती तवा शेजारच्या धाकलूची म्हस बघून बोलली, किती छान म्हस! दुसऱ्या दिवशी त्या म्हशीनं लाथ मारून धाकलूचे दोन दात पाडले."

"मंग दृष्ट म्हशीला लागली का धाकलूला?" मैनाने विचारलं.

"तिची दृष्ट पसरते," कमळाबाई म्हणाल्या.

दृष्ट काढायचं ठरलं. कमळाबाईंनी मुठीत मीठ, मोहरी आणि पाच सुक्या मिरच्या घेतल्या. नम्रता मशीन बंद करायला गेली तर त्या ओरडल्या, "चालू ठेव गो! दृष्ट जित्याची काढतात. बंद करून काढायला ती काय मयत हाय?"

तेव्हा चालू मशीनवरून मूठ फिरू लागली. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याची अशी सगळ्यांची नावं मोठ्याने घेऊन झाली. मुरबाडचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा कमळाबाईंचा आवाज एकदम खाली गेला आणि लक्षही थोडं उडालं. लेक ती लेक. नेमका तेव्हा त्यांचा कोपर मशीनवरच्या दिव्याला लागला आणि मूठ निम्मी उघडली. मोहरी टपटप करत मशीनवर पडली, तिथून घरंगळली आणि दिसेनाशी झाली. उरलेलं सगळं चुलीत टाकलं. मिरच्या जळल्या, पण कोणाला साधा ठसकाही लागला नाही. मिरच्या गेल्या वर्षीच्या होत्या आणि पावसाळ्यात सर्दाळल्या होत्या, हे कमळाबाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी डोळे मोठे केले.

"बघ! एक ठसका नाय. लय कडक दृष्ट लागलीया."

मशीन पुन्हा लावली तर आतून तडतड तडतड असा आवाज यायला लागला.

"आता ही तडतडते कशापायी?" नम्रताने विचारलं.

"आतली दृष्ट जळते," कमळाबाईंनी खुलासा केला आणि त्या शेंगांकडे परत गेल्या.

मंगळवारी नम्रता शहापूरला जायचं म्हणून दसऱ्याची नवी साडी नेसून शेडमध्ये आली. दोन-चार नग तयार झाले तर ते चष्मेवाल्याला दाखवून यावेत, असा तिचा बेत होता. मशीन अजून तडतडतच होती. तेवढ्यात फोन वाजला. कुणालीचा.

"वहिनी, कशी चाललीय गो ऑर्डर? तो चष्मेवाला मला इचारत व्हता. तुला लोड झाला आसंल तर पाठव हां इकडं. आपलंच घर हाय."

"लोड कसला गो?" नम्रता आवाजात मध घोळवून म्हणाली. "निम्मा माल झालापन!"

"झालापन? आगबाई! तुजी मशीनच तशी हाय, वहिनी."

आणि पलीकडून पुन्हा तो श्वास ऐकू आला. नम्रताने घाईघाईने फोन ठेवला आणि साडीच्या पदराने पुसून काढला.

माल किती झाला होता? एक नग. तोही मैनाने कंटाळून रापीने तासला होता. नम्रताच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला लोड झाला आसंल म्हने! हिला माझी ऑर्डर पायजे, माझा गिऱ्हाइक पायजे, उद्या माझा नवरा पायजे बोलंल!"

"तो तिचा सख्खा भाऊ हाय," मैनाने आठवण करून दिली.

"म्हनून तर त्याच्यावर जास्त हक्क सांगते!"

असं म्हणून नम्रताने कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली उचलली आणि तडतड थांबावी म्हणून मशीनमध्ये सरळ उपडी केली. चामडं आत ओढणारं जे खरबरीत चाक असतं त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही, हे भिवंडीच्या कारखान्यात तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण मत्सर डोक्यात शिरला की माणूस पहिल्या दिवसाचं शिकलेलं आधी विसरतो. तडतड थांबली. त्याबरोबर चामडंही थांबलं. पट्टी चाकावर नुसती घसरायची आणि तेलकट होऊन परत हातात यायची.

कमळाबाईंना पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी त्या गावदेवीच्या देवळातून काळा दोरा घेऊनच आल्या. पोराबाळांच्या पायात बांधतात तसा तो मशीनच्या पायात बांधायचा होता. प्रश्न फक्त पाय कोणता हा होता.

"चार पाय तर टेबलाचे हायत," गंगी म्हणाली. "मशीनचा सोताचा एकच. त्यो बघ, वरचा."

पट्टी दाबून धरणाऱ्या लोखंडी तुकड्याला तिघी रोजच्या बोलण्यात पाय म्हणत. कमळाबाईंनी त्याच पायाला दोरा सात वेढे घालून बांधला, गाठ मारली आणि शोभेला म्हणून वीतभर टोक लोंबतं ठेवलं. मशीन सुरू झाली. चाकाने आधी ते टोक धरलं, मग दोरा धरला, मग सगळं मिळून एक गुंतवळ केलं आणि मोटर जागच्या जागी घुंऽऽ करायला लागली. जळका वास सुटला.

नम्रताने बटण बंद केलं आणि दोरा ओढायला सरळ हात घातला. बटण बंद केलं तरी आतलं पातं लगेच थांबत नाही, ते आपल्या वेगाने काही वेळ फिरत राहतं. म्हणून आधी भिंतीतली पिन काढायची, मग दहा आकडे मोजायचे, आणि पातं थांबलेलं डोळ्यांनी बघूनच हात घालायचा. हेही भिवंडीलाच शिकवलं होतं. नम्रता वाकली तसा नव्या साडीचा पदर खांद्यावरून सुटून खाली आला आणि पात्याने त्याची जर पकडली. नम्रताचा हात पात्यापासून चार बोटं दूर होता. मैनाने तिचं मनगट धरून तिला मागे खेचलं, गंगीने झेप घेऊन पिन उपटली, आणि पदरात अडकून पातं थांबलं. पदराचा काठ वीतभर चावला गेला होता.

मग मैना बोलली, आणि मैना कधी रागावत नसे म्हणून तिचा राग जास्त लागला. "पदराच्या जागी बोट असतं म्हंजे? कुनाली येनार व्हती काय लावून द्यायला?"

नम्रताने पदराकडे पाहिलं, बोटं मोजली, पाची होती. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बघितलंस ना? माज्या बोटांवरपन डोळा हाय तिचा."

मैनाने कपाळावर हात मारला.

संध्याकाळी अनिल, म्हणजे नम्रताचा नवरा आणि कुणालीचा भाऊ, कामावरून घरी आला. बहीण एका बाजूला आणि बायको एका बाजूला असताना कमी बोलावं, एवढं तो लग्नाच्या बारा वर्षांत शिकला होता. तो एकच वाक्य बोलला, "संदेशला बोलाव."

संदेश हा अशा मशिनींचा एकमेव जाणता कारागीर होता. पण तो राहायचा मुरबाडला आणि कुणालीची मशीनही तोच बघायचा.

"त्याला?" नम्रता उसळली. "त्यानं हितं पाना उचलला की तिकडं कुनालीच्या कानात वाजतो! सगळ्या मुरबाडला कळंल माझी मशीन बंद पडली म्हनून. त्यापेक्षा मी दीडशे नग दातानं तासीन."

मग बुधवारी ओमकार आला. ओमकार पंचक्रोशीतल्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. कड तासायची मशीन त्याने जन्मात पाहिली नव्हती, पण त्याचा आत्मविश्वास पाण्याच्या पातळीवर अवलंबून नव्हता. "मोटर ती मोटर," तो म्हणाला. "पानी वढो नाय तर चामडं वढो." त्याने दोरा कापून काढला, मोटर उघडली, फुंकर मारली, वायरी सुट्या केल्या आणि पुन्हा जोडल्या. मग मशीनसमोर तोंड नेऊन, आत नीट बघत, त्याने बटण दाबलं.

वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मशीन उलटी फिरली. दोन दिवस तिच्या पोटात जे जे गेलं होतं ते ते तिने ओमकारला परत केलं. आधी तेल आलं, मग तेलात माखलेली मोहरी, मग चामड्याचा भुसा. ओमकार डोळे मिटून तसाच उभा राहिला. त्याच्या मिशीत मोहरी चमकत होती.

"निघाली!" कमळाबाई दारातून ओरडल्या. "दृष्ट निघाली गो माय!"

नम्रताने आशेने एक पट्टी पुढे केली. मशीनने ती घेतली नाही, उलट फटकन तिच्या मांडीवर भिरकावली.

"पंप उलटा फिरला तर पानीच येत नाय," ओमकार तोंड पुसत म्हणाला. "हिच्यातून तर लय यायला लागलं." आणि एका विहिरीवर खोळंबा झाल्याचं त्याला अचानक आठवलं.

गुरुवारी सकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. संध्याकाळपर्यंत वीस नग बघायला मिळाले नाहीत तर तो दुसरीकडे विचारणार होता. दुसरीकडे म्हणजे कुठे हे तो बोलला नाही आणि नम्रतानेही विचारलं नाही. ती शेडमागे जाऊन जांभळीखाली पाच मिनिटं बसली आणि खरंखुरं रडली. चार वर्षं जिला शेजारी बसवून शिकवलं ती आता माझं वाढलेलं ताट उचलून नेणार, हे तिला सहन होईना. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि संदेशला फोन लावला.

"संदेशभाऊ, या. पन आधी गावदेवीची शप्पथ घ्या. कुनालीला एक अक्षर कळता कामा नये."

संदेशने फोनवर शपथ घेतली आणि तासाभरात मोटरसायकलवरून येऊन उभा राहिला. सडपातळ, अबोल माणूस. त्याने पहिल्यांदा पिन काढली. मग पात्याकडे बघत उभा राहिला. मशीन कालपासून बंद होती, तरी तो सवयीने दहा आकडे मोजून मगच खाली बसला. मैनाने नम्रताकडे पाहिलं. नम्रताने पदर सावरून कमरेला खोचला.

संदेशने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक भाग सोडवायला लागला. कागदावर मोहरीचा ढीग झाला. त्यावर मिठाचा एक ओला खडा आला. मग दोऱ्याचे तुकडे आले. त्याने बोट लावून वास घेतला.

"ताई, तेल, मोहरी, मीठ," तो म्हणाला. "हिच्यात फोडनी घातलीवती काय?"

कमळाबाई छताच्या पत्र्याकडे बघत होत्या.

"मुळात बिघडलं काय व्हतं?" नम्रताने विचारलं.

"मुळात कायच नाय. धार गेल्ती. धारेचा दगड हिच्या आतच असतो, हा बघा. चष्मा घालायचा, ठिनग्या उडतात. हा स्क्रू हळूच फिरवायचा, दगड पात्याला टेकवायचा, परत मागं घ्यायचा. पाच मिन्टांचं काम." त्याने काळा चष्मा चढवला, धार लावून दाखवली, मग चाक रॉकेलने धुऊन तारेच्या ब्रशने खरवडलं आणि मोटरच्या वायरी फिरवून जोडल्या. "बाकी जे झालं ते सगळं नंतर घातलेलं."

पाच मिनिटांचं काम! नम्रताला ते ऐकून जास्तच लागलं. "लवकर करा हो भाऊ," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वीस नग नाय दिले तर त्यो ऑर्डर कुनालीला देनार हाय."

संदेशचा पाना हवेत थांबला. "कुनालीताईंना? त्या कशावर करनार?"

आणि त्याने जीभ चावली.

शेडमध्ये तिघी बायका आणि एक सासू अशा चौघींचे आठ डोळे त्याच्याकडे वळले. संदेशने मान खाली घालून पाना फिरवायला सुरुवात केली. पण तो चुकीच्या स्क्रूवर फिरवत होता.

"म्हंजे काय?" नम्रताने विचारलं.

"मी बोलनार नाय. मला शप्पथ हाय."

"शप्पथ मी घातलीया! माझी मशीन बिघडल्याची!"

"तशीच त्यांनीपन घातलीया," संदेश म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे कळल्यावर त्याने हातातला पाना खालीच ठेवला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "त्यांची नवमीपासून बंद हाय ताई. पातंच गेलं. नवं मागवलंय, त्ये सोमवारी येनार."

नम्रताने बोटांवर दिवस मोजले. म्हणजे दसऱ्याला तिच्या मशीनवर हात फिरवून कुणालीने जो श्वास सोडला होता तो घरी मशीन मेलेल्या बाईचा श्वास होता. आणि 'पाठव इकडं' म्हणत होती तेव्हा तिच्याकडे तासायला रापीशिवाय काही नव्हतं. कसला धीट खोटेपणा! नम्रताला रागही आला आणि थोडं कौतुकही वाटलं, कारण हा खोटेपणाही कुणाली याच शेडमध्ये शिकली होती.

"पन तिची कशानं गेली?" कमळाबाईंनी विचारलं. लेकीची मशीन म्हटल्यावर त्या पुढे सरकल्या होत्या.

संदेश घुटमळला. "पात्यावर खिळा गेल्ता. पन त्या म्हनतात..."

"काय म्हनते?"

"म्हनतात, अष्टमीला घरची पावनी आल्ती. मशीनकडं एकटक बघत व्हती आनि एक शब्द बोलली नाय. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडली."

अष्टमीला देवीची ओटी भरून येताना नम्रताच मुरबाडला गेली होती.

मग मैना एक पाऊल मागे सरली. गंगीने अंगावरचं नवं डोरलं ब्लाउजच्या आत ढकललं. कमळाबाईंनी तर सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की तसं त्यांनी तिच्याकडे बारा वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि शेंगांची टोपली हळूच पाठीमागे घेतली.

"मी?" नम्रता म्हणाली. "माझी दृष्ट?"

तिला संतापायचं होतं. पण खोटं कशाला बोला, अष्टमीला ती खरोखरच त्या टाइल्सवर उभी राहून, त्या पंख्याखाली, त्या मशीनकडे बघत होती आणि तिच्या मनात स्वच्छ आलं होतं, पडेना का बंद एकदाची. अगदी याच शब्दांत आलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी ती पडली होती. नम्रताच्या पाठीतून एक गार शिरशिरी गेली. त्या शिरशिरीच्या मागोमाग, तिने कितीही दाबलं तरी, एक गोड गुदगुलीही आली. इतकी वर्षं ती कुणालीवर जळत होती. कुणालीही तिच्यावर जळते, तिला घाबरते, तिच्या नुसत्या बघण्याने खिळा आपणहून पात्यात जाऊन बसतो! पोटातलं पित्त एकाएकी बसलं.

"झाली," संदेश म्हणाला. "चालवून बघा. पन एक ध्यानात ठेवा ताई. काय झालं तरी डोळे पात्यावरून हलवायचे नायत. बोट हितपर्यंत, याच्या पुढं नाय."

नम्रता स्टुलावर बसली. बटण दाबलं. पट्टी आत सारली आणि ती दुसऱ्या बाजूने अशी बाहेर आली की कड हाताला लागेना. दुसरी आली, ती तशीच. तिसरीही तशीच. मशीन एवढी सुरेख दसऱ्याआधीही चालत नव्हती. नम्रताच्या तोंडून कौतुक अगदी ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच तिला आठवलं की मशीनकडे बघणारे डोळे कोणाचे आहेत. तिने चटकन तोंड जांभळीकडे फिरवलं. हात चालूच होते.

"ओ ताई!" संदेश किंचाळला. "हिकडं बघा! बोटं जातील!"

नम्रताने दचकून मान वळवली. आता पुढे पातं होतं आणि मागे स्वतःचीच दृष्ट. बघितलं नाही तर बोटं जाणार, बघितलं तर मशीन जाणार. वीस नग संध्याकाळी, एकशेतीस शनिवारी. तिने क्षणभर विचार केला, डोळे पात्यावर रोखले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठ्याने सुरुवात केली.

"कसली भिकार मशीन गो ही! काय म्हनून आनली आसंल? भंगारात पन कोन घेनार नाय!"

पट्टी सुळकन बाहेर आली.

मैनाच्या ध्यानात आलं. "रंग बघ ना, कसा येड्यासारखा," ती शिवता शिवता म्हणाली. "आनि आवाज, कानाला नको व्हतो!" गंगीने भर घातली. कमळाबाईंनी दारातून मशीनच्या बनवणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. पट्ट्यांचा ढीग वाढत होता, एकेक कड कागदासारखी पातळ, आणि शिव्या थांबत नव्हत्या.

संदेश पिशवी खांद्याला लावून मोटरसायकलपर्यंत गेला होता. त्याने ते सगळं ऐकलं. कारागीर माणूस, त्याचा चेहरा पडला. तो परत आला, निमूटपणे पिशवी उघडली आणि पाना काढला.

"ताई," तो म्हणाला, "आता काय बिघडलं?"

नम्रताने पात्यावरची नजर हलवली नाही.

"काय नाय बिघडलं, भाऊ," ती दात-ओठ खात म्हणाली. "म्हनून तर!"